खालच्या दोन ओळी

उमरेडच्या अंजनाबाई धकाते यांच्या पत्राला आपण उत्तर पाठवलं नाही, ही गोष्ट गोंडाण्यांना सदर भागातल्या दवाखान्यात, डॉक्टर ऋतुजा मॅडमच्या टेबलासमोर बसलेलं असताना आठवली. आठवली म्हणणं तसं चुकीचंच. सात वर्षांत ते पत्र ते कधी विसरले नव्हते. फक्त त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकले होते, बसमध्ये नको असलेला ओळखीचा माणूस चढला की खिडकीबाहेर बघत राहावं तसे. निळं आंतरदेशीय पत्र. अक्षर मोठं आणि एकसारखं, जणू प्रत्येक ओळ आधी दोरा ताणून मग लिहिलेली. शेवटी सही, सहीखाली पूर्ण पत्ता, आणि पत्त्याच्या वर एक वाक्य: तुम्ही सांगाल तसं करीन.

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या सुनेएवढी होती. रक्ताचा रिपोर्ट टेबलावर पसरून ती सांगत होती आणि गोंडाणे सवयीप्रमाणे रिपोर्टातल्या छपाईच्या चुका शोधत होते. त्यांच्या नावात एक काना कमी होता. साखर वाढलेली होती, ती दोन वर्षं वाढलेलीच होती. नवीन होता तो खालचा एक आकडा, ठळक अक्षरात. मॅडम म्हणाली, काका, ही सूज आहे. गोंडाण्यांनी आपले पाय बघितले. ती हसली. दिसणारी सूज नव्हे, म्हणाली. बोट कापलं तर सूज येते, आपलं काम करते आणि जाते. ही जातच नाही. दारावर बसवलेला राखणदार चोर गेल्यावरही घरी जाईना, वर्षानुवर्षं तिथंच बसला, आणि मग काठीनं घरातलीच भांडी फोडायला लागला, असं समजा. हे सगळं गोंडाण्यांना माहीत होतं. राखणदाराची उपमासुद्धा माहीत होती, कारण जवळजवळ तीच त्यांनी एकदा स्वतः लिहिली होती. मग तिनं काय करायचं ते सांगितलं. रोज अर्धा-पाऊण तास चालायचं. तंबाखूचा खर्रा बंद, अगदी बंद. चहातली साखर, तर्री-पोहे, समोसे कमी, घरातलं तेल कमी. ज्वारीची भाकर, पालेभाजी, जवसाची चटणी जास्त. रात्री ठरल्या वेळी झोपायचं. गोंडाणे मान डोलवत होते. ते उठत असताना तिनं पेनाचं टोपण लावलं आणि सहज, जणू सगळ्यांनाच सांगते तसं म्हणाली, "आणि हे सगळं गोळ्यांच्या जोडीला, बरं का काका. गोळ्यांच्या जागी नाही."

खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला त्यांचा हात तिथंच राहिला. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. जवळजवळ शब्द न् शब्द. छापलं गेलं असतं तर त्याला त्यांच्या हिशोबानं बरोबर दोन ओळी लागल्या असत्या.

धम्मानंद गोंडाणे तीस वर्षं एका साप्ताहिकात मुद्रितशोधक होते. कचेरी सदर भागातच, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. साप्ताहिक बंद पडून आता पाच वर्षं झाली. माणूस अबोल, पुस्तकातला. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचं वाक्य निम्म्यावर अडायचं, कारण बोलतानाच ते मनात दुरुस्त करत बसायचे. दुसऱ्यांच्या मजकुरात मात्र त्यांचा हात ठाम चाले. संपादक त्यांना म्हणायचे, गोंडाणे, तुम्ही एवढं वाचता, एखादं सदर लिहा. ते वर्षभर नाही म्हणाले. मग वाचनालयातली इंग्रजी वैद्यकीय मासिकं चाळून, शब्दकोश शेजारी ठेवून, महिन्याला एक लेख असं आरोग्याचं सदर लिहू लागले. खाली नाव नको म्हणाले होते, पण संपादकांनी 'संकलन : ध. गोंडाणे' असं टाकलंच. पहिल्यांदा ते नाव छापलेलं पाहिलं तेव्हा त्यांनी त्याचंही प्रूफ तपासलं, तीनदा.

लेखाचं नाव होतं 'अंगातली धग'. अंगात मुरून राहिलेल्या सुजेविषयी, आणि ती रोजच्या साध्या सवयींनी कशी उतरवता येते त्याविषयी. चांगला झाला होता. अजूनही त्यांना वाटायचं की तो चांगला झाला होता, आणि असं वाटल्याची लाज वाटायची. पान लागायच्या दिवशी मजकूर दोन ओळींनी जास्त झाला. खाली साड्यांच्या सेलची जाहिरात होती, तिला हात लावता येत नव्हता. कॉम्प्युटरवर बसणारा विक्की म्हणाला, "काका, दोन लाइनी उतरून राहिल्या खाली. काय करू?" छापखान्यात रीत होती, खिळ्यांच्या काळापासूनची: मजकूर वाढला की शेपटाकडून कापायचं. महत्त्वाचं माणूस वर लिहितो, खाली नुसता नमस्कार असतो. गोंडाण्यांनी हे किती लेखकांना ऐकवलं होतं, किती नाराज कवींच्या कडव्यांवर पेन्सिल चालवली होती. स्वतःच्या लेखाला वेगळा न्याय लावणं त्यांना बरं वाटलं नाही. खरं तर किंचित अभिमानच वाटला, की बघा, मी माझंही कापतो. त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. विक्कीनं बटण दाबलं. 'या सवयी औषधांच्या जोडीला आहेत, औषधांच्या जागी नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत' एवढं गेलं, आणि साड्यांचा सेल राहिला.

सहा महिन्यांनी पत्र आलं. अंजनाबाईंनी लिहिलं होतं की त्यांचं घर विणकरांचं, त्या स्वतः सातवी शिकलेल्या, हाताच्या सांध्यांना वात, बोटं सकाळी उघडत नाहीत. तुमचा लेख कापून देवघरापाशी लावला आहे. त्यातलं सगळं करते. साखर सोडली, तळलेलं सोडलं, पहाटे उठून चालते, रात्री नऊला अंग टाकते. सूज पुष्कळ उतरली, पुन्हा मागावर बसते, परवाच एका लुगड्याचा काठ भरला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मळमळते, पोट बिघडते. आता बरं आहे तर त्या बंद केल्या तर चालेल का, हे लेखात कुठं दिसलं नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

कुठं दिसलं नाही. गोंडाणे ते पत्र हातात घेऊन कचेरीच्या जिन्यात उभे राहिले होते. उत्तर त्यांना माहीत होतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं, त्यातही अर्ध्या. पण अर्ध्या कार्डावर लिहायला ते बसले आणि मनात आलं, आपण डॉक्टर थोडेच आहोत. नुसतं नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं. कारण द्यायचं तर ते नीट तपासायला हवं. ते वाचनालयात गेले, दोन दिवस टिपणं काढली. मग वाटलं, इतकं सगळं माहीत होतं तर लेखात का नाही लिहिलं असं बाई विचारतील. म्हणजे कापलेल्या ओळींचंही सांगायला हवं. तो कबुलीचा परिच्छेद त्यांना जमेना. कधी फार लाचार व्हायचा, कधी वकिली. त्यांनी मसुदे केले, खाडाखोड केली, पुन्हा उतरवले. मग मुलाचं, रोशनचं, लग्न आलं, कोराडीच्या क्वार्टरमध्ये त्याचं सामान लावून द्यायचं झालं. मग तीन महिने उलटले आणि उशिराबद्दल माफी मागणारा आणखी एक परिच्छेद वाढला. वर्ष झाल्यावर त्यांनी स्वतःला समजावलं की बाईंनी डॉक्टरांना विचारलंच असेल. कोणीही विचारेल. चार शहाणी माणसं घरात असतील. ही समजूत त्यांनी इतकी वापरली की ती कपड्यासारखी विरली, तरी अंगावर ठेवली.

दवाखान्यातून घरी आल्यावर कांताबाईंनी रिपोर्ट बघितला नाही, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि त्याच दिवशी खर्र्याची पुडी चुलीजवळच्या डब्यातून काढून नालीत टाकली. दुसऱ्या दिवसापासून जेवण बदललं. सकाळी बगिच्यात पाच चकरा सुरू झाल्या. गोंडाणे हे सगळं एवढ्या निमूटपणे करू लागले की कांताबाईंनाच काळजी वाटली; तीस वर्षं खर्रा सोडा म्हणून ती भांडली होती आणि आता हा माणूस एकदाही कुरकुरत नव्हता. तिला काय माहीत की चालताना त्यांना दुसरी कोणी चालताना दिसायची. उमरेडला ते एकदाच गेले होते, कुणाच्या तरी मयतीला. तिथला रस्ता त्यांना आठवत नव्हता. तरी पहाटेचा एक रस्ता दिसायचा आणि त्यावरून पाठमोरी जाणारी एक बाई, झपझप, हात मोकळे सोडून. ती आपलं ऐकून चालत होती. त्यांचं आयुष्यात कुणी इतकं ऐकलं नव्हतं. रोशननं नाही, कचेरीनं नाही.

आणि त्यांना बरं वाटू लागलं, हेच वाईट होतं. महिन्याभरात सकाळचा जडपणा गेला. जिना चढताना धाप लागेना. झोप लागली की थेट उजाडायचं. अंगात मुरलेली धग आणि मनात मुरलेली, अशी एक जुळवणी त्यांना एकदा चकरा मारताना सुचली, आणि त्यांनी ती तिथल्या तिथं खोडली. उपमा सुचली की आपलं काम झालं असं वाटतं, ही त्यांची जुनी खोड होती. शरीराची सूज चालून उतरत होती. दुसरीला चालण्याचा काही उपयोग नव्हता. उलट, आपल्याला टेबलापलीकडून कोणीतरी ते शेवटचं वाक्य सांगितलं म्हणून आपण चालतोही आहोत आणि गोळ्याही घेतो आहोत, हे रोज नाश्त्यानंतर गोळी जिभेवर ठेवताना त्यांना कळत होतं. रविवारी कांताबाईंबरोबर विहारात पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी'पाशी त्यांचा आवाज पडू लागला. खोटं बोलणार नाही. ते खोटं कुठं बोलले होते? त्यांनी फक्त एक खरी गोष्ट कापली होती, आणि मग कुणी विचारल्यावर गप्प बसले होते. या दोन्हींना काय म्हणतात ते शीलात लिहिलेलं नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण त्यांना वडील आठवायचे. वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षेला उभे राहिले, पुढच्या वर्षी मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव धम्मानंद ठेवलं, आणि मग मुलाच्या शाळेच्या पुस्तकावरून स्वतः वाचायला शिकले. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. एखादी गोष्ट पटली नाही तरी म्हणायचे, छापलं हाय म्हणजे कोणीतरी तपासलं असन. तो कोणीतरी पुढे त्यांचाच मुलगा झाला.

बगिच्यात रुपराव पराते भेटायचे. एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. चालताना सुद्धा पुढच्या-मागच्यांना जागा करून देत चालायचे. मूळचे उमरेडचे, विणकरांच्याच गल्लीतले. हे गोंडाण्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिने त्यांनी रुपरावांशी हवापाण्याशिवाय काही बोलणं केलं नव्हतं. दुसरा रिपोर्ट आला, तो ठळक आकडा साधा झाला, मॅडमनं शाबासकी दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चकरेला गोंडाण्यांनी, वाक्य मनात तीनदा दुरुस्त करून, विचारलं की तुमच्याकडे कोणी अंजनाबाई धकाते आहेत का.

"अंजनामामी? आमच्या घरासमोरच राहते," रुपराव म्हणाले. "काहून गा, तू कसा ओळखतो तिले?"

पेपरात असताना एकदा पत्र आलं होतं, एवढं गोंडाणे म्हणाले. ते खरं होतं. आहेत का, असं त्यांनी विचारलं.

"आहे नं. जीभ तं अशी चालते का आख्ख्या गल्लीले पुरून उरते. हात गेले फक्त." रुपरावांनी चालता चालता आपली बोटं वाकवली आणि एका बाजूला कलती धरली, वाऱ्यानं पडलेल्या ज्वारीच्या धांड्यांसारखी. "अशी झाली बोटं. माग इकून टाकला. बटन लावाले सून लागते. मधात दोन वर्षं गोळ्याच सोडून देल्ल्या होत्या तिनं. चांगलं वाटून राहिलं होतं म्हणे. चालणं-बिलणं, बिनासाखरेचा चहा, सारं करे. मग एका हिवाळ्यात असं उसळलं का हाताचं पार वाटोळं. डॉक्टर म्हणे, गोळ्या चालू असत्या तं इतकं होतच नव्हतं."

गोंडाण्यांनी विचारलं की कोणी सांगितलं नाही का त्यांना. हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला याचं त्यांना नंतर कित्येक दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

"कोण सांगन? कोण्या पेपरवाल्याले चिठ्ठी टाकली होती तिनं. आम्ही म्हटलं, मामी, मग काय म्हणे तो? तं म्हणे, काहीच नाही म्हणे. अन् हसते. म्हणे, शिकलेला माणूस आहे, नाही म्हणाचं असतं तं लिवलं असतं नं त्यानं." रुपरावही हसले. "आमच्या गल्लीत तसंच आहे गा. पाहुण्याले निरोप धाडला अन् नकार नाही आला, तं हो समजाचं, अन् सैपाक टाकाचा."

चौथी चक्कर त्यांनी बरोबरच पुरी केली. रुपराव दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवर गेले होते. तो पेपरवाला मी, एवढे तीन शब्द होते. गोंडाण्यांनी ते जुळवले, त्यांचा क्रम बदलून पाहिला, आणि फाटकाशी आल्यावर रुपरावांना हात करून घराकडे वळले. सात वर्षं त्यांनी आपल्या गप्प बसण्याला काहीच न करणं समजलं होतं. एक काम राहून गेलं, असं. आणि तिकडे तेच गप्प बसणं उत्तर म्हणून पोचलं होतं, वाचलं गेलं होतं, पाळलं गेलं होतं. तुम्ही सांगाल तसं करीन. त्यांनी सांगितलं होतं, आणि तिनं तसं केलं होतं. रस्त्यात त्यांना थांबावं लागलं. अंगात काही दुखत नव्हतं. पाय चांगले भक्कम होते, छातीही ठीक होती, तीन महिन्यांत कमावलेलं सगळं शाबूत होतं, आणि त्या धडधाकट शरीरात उभं राहायची त्यांना किळस आली.

कांताबाई ओसरीत मेथी निवडत होती. ते समोर स्टुलावर बसले आणि सांगितलं. वाक्यं अडली नाहीत. साड्यांच्या सेलपासून रुपरावांच्या बोटांपर्यंत सगळं सांगितलं. ती काड्या मोडत ऐकत होती. एका ठिकाणी हात थांबला तो परत चालू झाला नाही.

"सात वर्षं हे पोटात घेऊन बसले जी तुम्ही," ती म्हणाली. "अन् मी अॅसिडिटी समजून राहिली होती."

मग तिनं विचारलं की आता काय करता. त्यांनी सांगितलं की रुपरावांकडून फोन नंबर घेता येईल, किंवा सरळ उमरेडला जाऊन पाय धरता येतील, पण त्याआधी नेमकं काय बोलायचं ते एकदा लिहून काढावं लागेल, आणि...

"पाय-बिय नका धरू. बिचारीले तुमचं रडणं पाहाव लागन, अन् वरून चहा कराव लागन. तिनं पत्रानं विचारलं, तुम्ही पत्रानं सांगा. बोलावलं तं जाऊ दोघं. शिव्या देल्ल्या तं त्या खाऊ." ती उठली, सूप कमरेवर घेतलं आणि आत जाता जाता म्हणाली, "अन् लंबंचौडं नका करू. तिले कागद धराव लागन."

हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या मसुद्यांत, ते पत्र कोणी हातात धरेल हे त्यांनी मनात आणलंच नव्हतं. जुने मसुदे कपाटातल्या फायलीत होते. ते त्यांनी काढले, वाचले. अक्षर सुंदर होतं. संदर्भ होते, उतारे होते, एकात तर तळटीप होती. अकरा पत्रं होती आणि एकही अंजनाबाईंना लिहिलेलं नव्हतं. एक जाड कागद, जो बोटांशिवाय दोन तळहातांत धरता येईल, असा त्यांनी शोधला. रोशनच्या लग्नपत्रिकेचे कोरे पुठ्ठे उरलेले होते, त्यातला एक घेतला. मोठ्या अक्षरात लिहिलं. खाडाखोड झाली तिथं तशीच राहू दिली.

"अंजनाबाई यांस, सप्रेम नमस्कार. सात वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं होतं की गोळ्या बंद केल्या तर चालेल का. उत्तर 'नाही' असं होतं. ते मला त्या दिवशीही माहीत होतं. लेखातही ते लिहिलं होतं, जागा पुरेना म्हणून मीच कापलं. तुम्हाला कळवायला मी भ्यालो, आणि माझ्या न कळवण्याचा तुम्ही काय अर्थ घेतला ते मला आज समजलं. तुमची त्यात चूक नाही. चालणं आणि खाण्याचं पथ्य तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, ते सोडू नका, आणि आता ज्या गोळ्या चालू आहेत त्याही सोडू नका. मी या कागदावर पत्ता आणि फोन लिहिला आहे. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते ऐकायला मी आहे. धम्मानंद गोंडाणे."

माफ करा, हा शब्द त्यात नव्हता. तो घालावा का, यावर त्यांनी दुपारपर्यंत विचार केला. मागितली असती तर बाईंना काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि देणं आता बाईंच्या बाजूनं व्हायला नको होतं. पाकीट चिकटवलं. कांताबाईनं जाताना टोपी दिली, ऊन आहे म्हणाली.

पोस्टाच्या बाहेर पेटी होती. लाल रंग उडालेला, तोंडाशी पावसाळ्यातला गंज. आतल्या खिडकीवर लोक आधारची कामं घेऊन उभे होते. पेटीपाशी कोणी नव्हतं. गोंडाण्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. नाव, गल्ली, तालुका, पिन. पुन्हा एकदा वाचला, आणि आपण चूक शोधतो आहोत, चूक सापडली तर घरी जाता येईल म्हणून शोधतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. चूक नव्हती. त्यांनी हात मनगटापर्यंत आत घातला आणि बोटं उघडली. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला पडल्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.